रूलबुक पूर्ण वाचायचं का? हो, आणि कसं वाचायचं तेही सांगते

प्रश्न असाय की कल्याणचा एक मुलगा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, दिवाळीच्या सुट्टीत चार मित्रांना घेऊन डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) सुरू करणारे, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र होऊन, फासे टाकत गोष्ट खेळायचा गेम. जीएम, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा, तोच. हातात २०१४ चं प्लेयर्स हँडबुक आहे, ३२० पानं, आणि जीएमचं पुस्तक म्हणजे डंजन मास्टर्स गाइड पण तेवढंच जाड. लोक खेळतानाचे व्हिडिओ त्याने भरपूर बघितलेत. त्याचा मित्र म्हणतो पूर्ण रूलबुक कोणीच वाचत नाही रे, खेळता खेळता येतं. तर वाचायचं की नाही?

वाच. तू जीएम होणारेस ना, मग पूर्ण वाच. मी सतरा वर्षं गेम चालवतेय, बहुतेक दादरला, कारण सेंट्रलवाले आणि वेस्टर्नवाले दोघांनाही उतरायला तेच सोपं पडतं. एवढ्या वर्षांत माझे जे सेशन खरोखर फसले ना, त्यातले निम्म्याहून जास्त पुस्तकातलं एखादं पान न वाचल्यामुळे फसलेत. आणि तेव्हा मला वाटायचं की गेमच वाईट आहे.

तुझ्या मित्राचं म्हणणं कुठून येतं ते कळतं मला. आपण क्रिकेट पुस्तक वाचून शिकलो नाही, कॅरमही नाही. बिल्डिंगखाली उभं राहिलं की कोणीतरी मोठा दादा सांगायचा, एक टप्पा आउट, कंपाउंडबाहेर गेला तर आउट, राणी घेतली की कव्हर पाहिजे. बरोबर, पण तिथे तो दादा होता. त्याने तुझ्याआधी शंभर वेळा खेळलेलं होतं. तुझ्या ग्रुपमध्ये असा कोणी आहे का? पाचही जण पहिल्यांदाच खेळणार आहात. म्हणजे त्या खोलीत हा गेम आधी खेळलेलं, त्यात चुका करून सुधारलेलं कोणी असेल तर ते पुस्तकच आहे, आणि त्याला बोलूच द्यायचं नाही म्हणलं तर मग शिकवणार कोण?

आता व्हिडिओंचं. बघ, मीही बघते, आवडतात मला, आवाज कसा काढायचा, सीन कधी कापायचा हे त्यातून छान कळतं. पण व्हिडिओत रूल आणि त्या टेबलचा घरचा नियम यातला फरक कोणी सांगत बसत नाही. सगळ्यात कॉमन म्हणजे, वीस बाजूंच्या फाशावर वीस पडला की काहीही जमतं. २०१४ च्या पुस्तकात नॅचरल वीसचा, म्हणजे फाशावरच वीस दिसण्याचा, तो नियम हल्ल्याच्या रोलला आहे, स्किल चेकला, म्हणजे बोलणं-चढणं असलं काही जमतं का ते बघायच्या रोलला, नाही. राजाला "तुझं राज्य मला दे" म्हणून वीस पडला तरी राजा राज्य देत नाही, फार तर हसून सोडून देतो. दुसरं, पोशन, म्हणजे जखमा भरणारं औषध. आपल्या पाळीला एक मुख्य अ‍ॅक्शन आणि कधी एखादी छोटी बोनस अ‍ॅक्शन मिळते. व्हिडिओत सगळे बोनस अ‍ॅक्शनमध्ये पोशन पितात म्हणून नवीन लोकांना तोच रूल वाटतो, पण २०१४ मध्ये पोशन प्यायला पूर्ण अ‍ॅक्शन लागते. २०२४ च्या नव्या आवृत्तीत ते बोनस अ‍ॅक्शन झालंय. दोन्हीपैकी काहीही वापर, माझी काहीच हरकत नाही, पण आपण काय बदलतोय ते जीएमला माहीत पाहिजे. अ‍ॅक्शन लागते म्हणूनच लढाईच्या मधोमध पोशन प्यायचं का तलवार चालवायची हा प्रश्न येतो, आणि मग हीलरची, म्हणजे जखमा भरणाऱ्या पात्राची, किंमत पण वाढते. एक शब्द बदलला की पलीकडे तीन गोष्टी हलतात आणि ते कळायला पलीकडचं पण वाचलेलं लागतं.

मला हे ज्या सेशनमध्ये नीट कळलं ते सांगते. २०१६ ची गोष्ट, पाचवी आवृत्ती, म्हणजे तेच २०१४ चं पुस्तक, चालवत होते, आमच्यात एक विझार्ड होता, म्हणजे स्पेल किंवा मंत्र टाकणारा जादूगार, आणि एक फायटर, म्हणजे तलवार चालवणारा. फायटर म्हणजे आमचा बँकेतला मित्र, शनिवारी काम संपवून थेट येणारा, फार मनापासून खेळायचा. आणि तीन महिन्यांत तो हळूहळू गप्प होत गेला. कारण प्रत्येक लढाईत विझार्ड पहिल्या दोन टर्नमध्ये सगळ्यात मोठे स्पेल टाकून मैदान साफ करायचा, मग सगळे म्हणायचे चला झोपू, लाँग रेस्ट, सकाळी स्पेल परत. पुढची लढाई, तेच. फायटर आपला तलवार काढेपर्यंत सगळं संपलेलं. मी काय केलं, तर विझार्डचे स्पेल कमी केले. मग विझार्ड खेळणारी मुलगी नाराज झाली, आणि तिचं बरोबर होतं, तिने काहीच चुकीचं केलं नव्हतं. मग मी फायटरला जादूची तलवार दिली, मग बाकीचे म्हणाले आम्हाला काय. म्हणजे घराची गळती थांबवायला एकेक बादली लावतेय आणि छपरावर चढून बघतच नाहीये असं चाललेलं.

मग पावसाळ्यात एकदा गाड्या बंद पडल्या, सेशन रद्द झालं, आणि घरी बसून मी डंजन मास्टर्स गाइड पहिल्यांदा सलग वाचायला घेतलं. अ‍ॅडव्हेंचर कशी रचायची त्या चॅप्टरमध्ये ८४ व्या पानावर एक छोटा भाग आहे. तिथे लिहिलंय की मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ लढाया किंवा संकटं एका दिवसात पार्टी, म्हणजे खेळणाऱ्यांची टोळी, झेलू शकते, आणि मध्ये साधारण दोन शॉर्ट रेस्ट, म्हणजे तासाभराची छोटी विश्रांती. हा सगळा गेम त्या हिशोबावर बांधलाय. विझार्डचे स्पेल लाँग रेस्टला परत येतात, फायटरची अ‍ॅक्शन सर्ज (एक जादा अ‍ॅक्शन) आणि मंकची, म्हणजे हातापायांनी लढणाऱ्याची, 'की' नावाची ताकद शॉर्ट रेस्टला. दिवसात एकच लढाई असेल तर विझार्ड अख्खा पगार पहिल्या तारखेला उडवू शकतो, सहा असतील तर त्याला जपून खर्च करावा लागतो आणि तिथे फायटर उभा राहतो. शिवाय प्लेयर्स हँडबुकमध्ये साफ लिहिलंय की चोवीस तासांत लाँग रेस्ट एकदाच. हे मी वाचलेलं पण होतं कधीतरी, पण नुसतं नजरेखालून गेलेलं, का लिहिलंय ते कळलेलं नव्हतं.

पुढच्या सेशनला मी सगळे घरचे नियम काढून टाकले, स्पेल परत दिले, आणि फक्त दिवस लांब केला. एक बुडालेलं देऊळ, आत पाच खोल्या, बाहेर पाणी चढतंय म्हणून मागे फिरून झोपायला वेळ नाही. चौथ्या खोलीत विझार्डकडे एक छोटा स्पेल उरलेला आणि दारात फायटर एकटा तिघांना अडवून उभा. त्या मित्राने त्या दिवशी फासा टाकताना खुर्चीवरून उठून टाकला, तीन महिन्यांत पहिल्यांदा. तो एक परिच्छेद मी आधी वाचला असता तर ते तीन महिने त्याचे वाया गेले नसते, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून मी म्हणते की रूलबुक हे खेळताना अडलं की उघडायची डिक्शनरी नाहीये फक्त. तू अडलास हे तुला कळतं तेव्हाच तू शोधतोस ना. पण लढाया किती ठेवायच्या हा प्रश्न तर मला पडलाच नव्हता, मग मी तो शोधणार कसा? असे जे न पडलेले प्रश्न असतात त्यांची उत्तरं सलग वाचतानाच सापडतात.

जुन्या गेममध्ये तर हे अजून ठळक दिसतं. १९८१ चा डी अँड डी बेसिक, टॉम मोल्डवे यांनी संपादित केलेला, फक्त ६४ पानांचा आहे. आज तो चालवणारे नवीन लोक म्हणतात की फार क्रूर गेम आहे, पहिल्या खोलीत सगळे मरतात. विचारलं की रिअ‍ॅक्शन रोल मारलास का, तर म्हणतात तो काय असतो? त्यात असंय की राक्षस भेटला की दोन फासे टाकून तो कसा वागतो ते ठरवायचं. दोन आला तरच तो लगेच अंगावर येतो, सहा ते आठ म्हणजे अजून त्याचं ठरलेलं नाही, बारा आला तर मैत्री. म्हणजे समोर दिसला की मारामारी हे गेमने गृहीतच धरलेलं नाहीये. मग मोराल, म्हणजे राक्षसांच्या हिमतीचा ठरलेला आकडा. पहिला साथीदार पडला की आणि निम्मे पडले की परत दोन फासे, आकडा मोरालच्या वर गेला की राक्षस पळतात किंवा शरण येतात. गॉब्लिन म्हणजे छोटे राक्षस, त्यांचं मोराल सात, म्हणजे ते बऱ्याचदा पळतात. हे दोन रोल काढून टाकले की प्रत्येक भेट शेवटच्या श्वासापर्यंतची लढाई होते, आणि ज्याचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार झेलता येतो तो आकडा, चार आहेत तो मरणारच की!

त्याच पुस्तकातला एक्सपीचा, म्हणजे लेव्हल वाढवणाऱ्या अनुभवाच्या गुणांचा, हिशोब बघ. गॉब्लिन मारला की पाच एक्सपी, आणि बाहेर आणलेल्या एका सोन्याच्या नाण्याला एक एक्सपी. फायटरला दुसऱ्या लेव्हलला दोन हजार लागतात. म्हणजे नुसते मारून जायचं तर चारशे गॉब्लिन, ते पण एकट्याने, वाटणी न करता. गेम ओरडून सांगतोय की मारू नका, चोरा, बोला, फसवा, पळा, फक्त सोनं घेऊन जिवंत बाहेर या. पण हे सगळं एका ठिकाणी लिहिलेलं नाही, रिअ‍ॅक्शन, मोराल आणि एक्सपी अशा तीन नियमांत वेगवेगळ्या पानांवर पसरलंय. तिन्ही वाचले आणि एकमेकांशेजारी ठेवले की मग दिसतं. मला स्वतःला हा क्षण फार आवडतो, डिझायनरच्या डोक्यात काय होतं ते अचानक लख्ख दिसतं तो.

अजून एक उदाहरण देते, आपल्या शहराशी संबंध आहे म्हणून. ब्लेड्स इन द डार्क नावाचा गेम आहे, जॉन हार्परचा, २०१७ चा, चोरांच्या टोळीचा. मी त्याचे फक्त रोलचे नियम आणि पात्रांची शीट बघून चालवायला घेतला. दरोड्याआधी माझी पोरं प्लॅन करायला बसली आणि दीड तास प्लॅनच करत होती, दोर किती मीटर, पहारेकरी किती, मागचं दार आहे का. इकडे एकाचा डोळा सारखा घड्याळावर कारण त्याला बदलापूरला जायचं, शेवटची गाडी चुकली की रात्र स्टेशनवर. त्या दिवशी दरोडा झालाच नाही. पुस्तकात काय लिहिलंय माहितीये? प्लॅन करू नका. सहा प्रकारच्या प्लॅनमधला एक निवडा, एक तपशील ठरवा, एंगेजमेंट रोल मारा, म्हणजे सुरुवात कशी झाली ते फाशावर ठरवा, आणि थेट दरोड्याच्या मधे उडी घ्या. सामान काय आणलंय तेही आधी सांगायचं नाही, हलकं, मध्यम का जड एवढंच. पहारेकऱ्याला आधीच लाच दिली होती असं मधेच सुचलं तर फ्लॅशबॅक, थोडा स्ट्रेस (पात्रावर साठत जाणारा ताण) घ्यायचा आणि तो सीन आत्ता खेळायचा. ज्यांच्याकडे शनिवारी तीनच तास आहेत आणि पुढे दीड तासाचा प्रवास, त्यांच्यासाठी याच्यापेक्षा चांगला नियम नाही, आणि मी तोच वाचलेला नव्हता.

आता कसं वाचायचं. ३२० पानांचं दडपण घेऊ नकोस, कारण सगळी पानं सारखी नसतात. प्लेयर्स हँडबुकमधली स्पेलची यादी हा मोठा भाग आहे, ती पाठ करायची नाही, तुझ्या चार प्लेयर्सनी निवडलेले स्पेल तेवढे वाच. क्लास, म्हणजे फायटर, विझार्ड असे पात्रांचे प्रकार, पण चारच नीट वाच, बाकीचे चाळ. पण सातवा ते दहावा हे चॅप्टर, म्हणजे अ‍ॅबिलिटी स्कोअर (ताकद, चपळाई वगैरेंचे आकडे) कसे वापरायचे, प्रवास आणि विश्रांती, लढाई, स्पेलकास्टिंग, हे शब्द न शब्द वाच. गेमचं यंत्र तिथे आहे. डंजन मास्टर्स गाइड मात्र पहिल्या पानापासून सुरू करू नकोस, ते २०१४ चं पुस्तक देव आणि जग कसं बनवायचं तिथून सुरू होतं आणि गेम चालवायचा कसा ते आठव्या चॅप्टरला येतं, नवीन माणूस देवांचे वंश काढत बसतो आणि तिथेच दमतो. आधी आठवा वाच, मग तिसरा, मग बाकीचं. २०२४ च्या आवृत्तीत हे चालवायचं प्रकरण पुढे आणलंय, ते बरं केलं. आणि पुस्तक एकाकडेच असेल तर बाकीच्यांना एसआरडी, म्हणजे प्रकाशकानेच काढलेली नियमांची फाइल, दे, पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम त्यात आहेत आणि २०२३ पासून ते क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली फुकट आहेत.

मी स्वतः ट्रेनमध्ये वाचते. विकत घेतलेल्या पीडीएफची गरजेपुरती प्रिंट काढते आणि स्पायरल मारून घेते, कारण मोबाइलवर पुढेमागे जाता येत नाही आणि हे वाचताना सारखं पुढेमागे जावं लागतं. मुलुंड ते दादर उभ्याने एक चॅप्टर होत नाही, पण आठ-दहा पानं होतात. पहिल्या वाचनात काही लक्षात ठेवायचं नाही, गोष्ट वाचावी तसं वाचायचं, कुठे काय आहे एवढं डोक्यात बसलं की पुरे. दुसऱ्या वेळी पेन्सिल घेऊन. आणि जिथे जिथे मनात "हे कशाला?" आलं तिथे खूण करायची, कारण तिथेच काहीतरी दडलेलं असतं बहुतेक.

मग एकट्याने बसून एक कॅरेक्टर बनव आणि दोन गॉब्लिनशी एक लढाई खेळ, दोन्ही बाजूंनी तूच. खरंच कर, अर्धा तास लागतो. झिरो हिट पॉइंटला काय होतं ते तिथे कळतं, दर टर्नला फासा टाकायचा, दहा किंवा वर पडला तर एक यश, तीन यशं झाली की स्थिर, तीन अपयशं झाली की गेला, आणि पडलेल्याला परत मार बसला तर त्याचंही अपयश धरायचं. हे पहिल्यांदा मित्राच्या कॅरेक्टरचा जीव जाताना शोधत बसलास तर सगळा सीन थंड होतो.

आणि सगळ्यात कामाची गोष्ट, निदान आपल्यासाठी. पुस्तक इंग्रजीत आहे आणि टेबलवर आपण मराठीत खेळतो. तर प्रत्येक महत्त्वाचा नियम मराठीत, बोलल्यासारखा, एका वाक्यात वहीत लिही. अ‍ॅडव्हांटेज म्हणजे दोन फासे टाक, मोठा घे. कॉन्सन्ट्रेशन म्हणजे एका वेळी एकच मंत्र धरून ठेवता येतो, मार बसला की पकड सुटते का ते बघायला रोल, दहा किंवा नुकसानाचा निम्मा, यातला जो मोठा तो गाठायचा. असं एका दमात लिहिता आलं तर तुला तो नियम कळलाय. नाही आलं, शब्द अडखळले, मधेच इंग्रजी वाक्य तसंच्या तसं उतरवावंसं वाटलं, तर कळलेला नाही, परत जा त्या पानावर. माझ्या दोन प्लेयर्सना इंग्रजी वाचायचा कंटाळा आहे, ते हा सगळा गेम माझ्या वहीतल्या मराठीतून शिकलेत आणि आज त्यांना नियम माझ्याइतके येतात.

नियम बदलायचे नाहीत का मग? बदल की. जीएमला ती मुभा पुस्तकच देतं. मी पण बदलते, आमच्या टेबलवर चार घरचे नियम आहेत आणि ते वहीच्या पहिल्या पानावर सगळ्यांसमोर लिहिलेले आहेत. फक्त पहिले चार-पाच सेशन जसं लिहिलंय तसं खेळा. मी २०१६ ला केलं तसं न वाचलेल्या नियमाला औषध म्हणून नवा नियम लावू नकोस.

आणि इतकं करूनही वाटलं की ३२० पानं दिवाळीपर्यंत होत नाहीत, तर अर्धवट वाचून डी अँड डी चालवण्यापेक्षा छोटा गेम घे. लेझर्स अँड फीलिंग्ज आहे, तोही जॉन हार्परचाच, अख्खा गेम एका पानावर. तो कल्याण ते ठाणे होईपर्यंत पूर्ण वाचून होतो आणि त्याच संध्याकाळी चालवता येतो. एका पानाचा गेम पूर्ण वाचून चालवलास की तुझ्या लक्षात येईल की त्यातली एकही ओळ उगाच नाहीये, आणि मग मोठं पुस्तक पण तू त्याच नजरेने वाचशील.

प्लेयर्सनी किती वाचायचं, हे तू विचारलं नाहीस पण पुढच्या आठवड्यात विचारशील. त्यांच्यावर पूर्ण पुस्तक लादू नकोस. स्वतःचा क्लास, स्वतःचे स्पेल आणि लढाईचा नववा चॅप्टर, बस. पण ते वाचलंच पाहिजे हे पहिल्याच भेटीत प्रेमाने आणि स्पष्ट सांग, कारण दर टर्नला "मी काय काय करू शकतो?" विचारणारा एक जण असला की बाकी तिघं मोबाइल काढतात. आमच्याकडे नवीन आलेल्याला मी त्याच्या क्लासची तीन-चार पानं प्रिंट करून देते, येताना गाडीत वाचून ये म्हणून सांगते, आणि सुरू करायच्या आधी दहा मिनिटं त्याच्या शेजारी बसून त्याच्याकडूनच ऐकते.